विठाबाईंची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

परवा संध्याकाळी लोणी स्टेशनच्या कट्ट्यावर चहा घेत बसलो होतो. विषय निघाला यात्रेचा. एकजण म्हणाला, "या वर्षी तमाशा नको राव. ऑर्केस्ट्रा आणू, नाहीतर डीजे लावू. तमाशा आता कोण बघतंय?" दुसऱ्याने मोबाईल पुढे केला. लक्ष्मण उतेकर श्रद्धा कपूरला घेऊन विठाबाई नारायणगावकरांवर हिंदी सिनेमा करतायत, त्याची बातमी. तो म्हणाला, "हे बघ, बॉलिवूडला कळलं, तुला कळत नाही." हशा झाला. चहा संपला. उठून सगळे घरी गेले.

मला मात्र ते डोक्यातून जाईना. एकाच कट्ट्यावर, एकाच चहात, आपण तमाशाला नको म्हणतो आणि तमाशावरच्या सिनेमाचं कौतुकही करतो. म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण यात्रेच्या मीटिंगच्या आधी एकदा वाचाच.

आधी कबुली देतो. मी विठाबाईंना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमच्या आण्णांनी पाहिलं होतं. ते बैलगाडीच्या जमान्यातले. कुठे मोठा फड आलाय कळलं की चार-सहा कोस जायचे, पहाटे डोळे लाल करून परत यायचे आणि तसेच उसाला पाणी द्यायला जायचे. विठाबाईंचं नाव निघालं की ते म्हणायचे, "ती बाई नुसती उभी राहिली तरी कनात गप व्हायची." आमच्या आईने मात्र आयुष्यात एकदाही तमाशा पाहिला नाही. "चांगल्या घरच्या बाया जात नाहीत," एवढंच तिचं म्हणणं. एकाच घरात एकाला देवी दिसायची आणि दुसरीला नाव काढायचीही चोरी. हे आपल्या गावातल्या बहुतेक घरांत असंच होतं. खोटं वाटत असेल तर आज घरात विचारून बघा.

आता विठाबाई कोण, ते नीट सांगतो. कारण त्यांची एकच गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. विठोबाच्या गावात जन्मली म्हणून विठा. घर तमाशाचंच. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो चालवला. 'भाऊ बापू मांग नारायणगावकर' हे त्या फडाचं नाव. म्हणजे जन्म पंढरपूरला असला तरी नाव जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचं. आणि जात लपवलेली नाही, ती सरळ पोस्टरवर. ज्या काळात गावकुसाबाहेरच्या माणसाला देवळाच्या पायरीशी थांबायला सांगायचे, त्या काळात तेच नाव मोठ्या अक्षरांत छापून हा फड गावोगाव फिरत होता. लोक पैसे देऊन बघायला यायचे. बघायला यायचे, घरात मात्र घ्यायचे नाहीत.

पोरीचं शाळेत लक्ष लागलं नाही. लागणार कसं? आज या गावात, उद्या त्या गावात. तिची शाळा म्हणजे फड. गण, गौळण, लावणी, भेदिक, वग हे सगळं कानावर पडतच ती मोठी झाली आणि लहानपणीच बोर्डावर उभी राहिली.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो, कारण आता बऱ्याच जणांना तमाशा म्हणजे फक्त लावणीची रील वाटते. ढोलकी फडाच्या तमाशाला एक क्रम असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. त्यात कृष्ण, पेंद्या, बाजाराला निघालेल्या गौळणी आणि ती मावशी, जिच्यावर सगळं पब्लिक हसून लोळतं. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटकच. राजा-राणीचा, दरोडेखोराचा किंवा गावातल्या अन्यायाचा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, कडी हा त्याचा ताफा. नायिकेला गाता यायला हवं, नाचता यायला हवं, सोंगाड्याच्या टोमण्याला जागच्या जागी उत्तर देता यायला हवं आणि वगात रडवताही यायला हवं. यातलं एक काम नीट जमलं तरी आज माणूस स्टार होतो. विठाबाईंना ही सगळी करायला लागायची, आणि तीही रोज, नव्या गावात, माईक धड असो वा नसो.

आपल्याच सोलापूर रोडवर पुढे चौफुल्याला जी कला केंद्रं आहेत ती संगीत बारीची. तो प्रकार वेगळा. तिथे बैठक असते, पेटी-तबला असतो, लावणी असते, वग नसतो. दोन्हींत गल्लत करू नका.

बाई तमाशाच्या बोर्डावर आली, ही गोष्टही फार जुनी नाही. आधी बायकांची कामं नाच्या पोरगाच करायचा. बाईने बोर्डावर उभं राहायची वाट ज्यांनी पाडली त्यात मोठं नाव पवळाबाई हिवरगावकरांचं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या. त्यांची जोडी जमली शाहीर पठ्ठे बापूरावांशी, म्हणजे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांशी. तो ब्राह्मण, ती महार. दोघांनी मिळून मुंबईचं पब्लिक वेडं केलं.

पण याच जोडीच्या गोष्टीत एक काटा आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली गेली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. आपल्या समाजाच्या बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. कलेचा अपमान वाटला. आता वय झाल्यावर वाटतं, बाबासाहेबांनी प्रश्न कलेला नव्हता विचारला. टाळ्या कुणाच्या, पैसा कुणाचा आणि अब्रू कुणाची जाते, हे त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर आपण अजून दिलेलं नाही. सोलापूर रोडवरून रोज जाताना चौफुल्याचे बोर्ड दिसतात, तेव्हा मला ते आठवतं.

१९४८ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. विठाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या. ज्या घराची चूलच तमाशावर, त्या घराला बंदी म्हणजे काय असेल, विचार करा. कलावंतांनी आवाज उठवला, सुधारणेसाठी समिती झाली, बंदी उठली, पण अटी लावून. वग आधी लिहून दाखवायचा, मंजुरी घ्यायची, मग करायचा. जी कला जागच्या जागी बोलण्यावर उभी, तिला 'आधी लिहून आणा' सांगितलं.

त्याच कलेला नऊ वर्षांनी दिल्लीने मान दिला. १९५७ मध्ये विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या. पुढे १९९० मध्ये पुन्हा एकदा. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणू लागले. फड त्यांच्या नावाने चालू लागला.

आता ती गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असते.

विठाबाईंचे दिवस भरले होते. तशाही अवस्थेत खेळ लागला होता आणि त्या नाचत होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, कनातीच्या आड बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभं राहून खेळ पुरा करायला तयार झाल्या. पब्लिकला आधी कळेना. मगाशी पोट होतं, आता नाही. विचारपूस झाली, कळलं, आणि मग लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? "काय बाई होती! काय जिगर!" भाषणांत सांगतो, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करतो. सिनेमा आला की थिएटरमध्येही याच प्रसंगाला शिट्ट्या पडतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी म्हणजे, नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला त्या रात्री नाचावं का लागलं?

कारण तिकिटं फाटलेली होती. कारण फडात पन्नास-साठ माणसं असतात आणि नायिका उभी राहिली नाही तर त्या सगळ्यांची भाकरी थांबते. कारण फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात काम नाही. पावसाळ्यात घर चालवायचं तर सावकाराची उचल, आणि ती फेडायची तर हंगामातली एकही रात्र बुडवून चालत नाही. आपल्या देशात बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ मध्येच झाला. आधी कारखाने, खाणी, मळे. १९७३ मध्ये त्यात कसरतीचे आणि तसले इतर खेळ करणाऱ्या संस्थाही आल्या, म्हणजे सर्कशीतल्या बाईचा विचार झाला. पण कायदा कागदावर आणि फड रस्त्यावर. ट्रकमध्ये संसार असलेल्या बाईला रजा कोण देणार? आणि मालकीणही तीच असेल तर ती रजा कुणाकडे मागणार?

म्हणून मला वाटतं, त्या दगडाचं कौतुक करताना थोडी लाजही वाटायला हवी. खेळ थांबवणारे प्रेक्षक चांगले होते, मान्य. पण खेळ थांबला तो बाळ झाल्यावर. आधी पोट सगळ्यांना दिसतच होतं की!

विठाबाई गेल्या १५ जानेवारी २००२ ला. वय ६६. दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झालेली बाई शेवटी पैशाच्या ओढाताणीत गेली. दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. आणि २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याच नावाने तमाशातल्या जीवनगौरवाचा पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, विठाबाईंची लेक मंगला बनसोडे अशा मोठ्या कलावंतांना तो मिळाला. पुरस्कार चांगलाच आहे. पण ज्या बाईचं बिल वर्गणीने भरलं, तिच्या नावाचा चेक चार वर्षांनी दुसऱ्यांना, हा हिशोब मला कधी जुळत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रॉडवे म्हणून नाटकांचा रस्ता आहे. तिथे १९०७ मध्ये झिगफेल्ड फॉलीज नावाचा खेळ सुरू झाला. गाणी, नाच, विनोद, चालू घडामोडींवर टोमणे. आपल्या गौळण-बतावणीचाच भपकेदार चुलतभाऊ म्हणा. त्यात नोरा बेज नावाची गायिका होती, त्या काळातली सगळ्यात लोकप्रिय नावांपैकी एक. १९२८ मध्ये ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड कधी बसला माहितीये? २०१८ मध्ये. नव्वद वर्षं नाव नव्हतं. तोही एका चाहत्याने पुढाकार घेतला म्हणून. म्हणजे टाळ्या वाजवून विसरायची सवय जगभर आहे. पण जग विसरतं म्हणून आपणही विसरावं असं नाही.

आपल्या लोणीचंच घ्या. राज कपूर यांचा राजबाग इथला, मुळा-मुठेच्या काठचा. आज तिथे कॉलेजचं कॅम्पस आहे आणि राज कपूर यांचं स्मारकही. पाहुणे आले की आपण अभिमानाने दाखवतो. दाखवायलाच पाहिजे. पण ज्या फडांनी पिढ्यान्पिढ्या आपल्या पंचक्रोशीच्या यात्रा जागवल्या, त्यांतल्या एका तरी ढोलकीवाल्याचं नाव आपल्याला सांगता येईल का? मला नाही येत. आण्णांना येत होतं. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती नावंही गेली.

या लोकांची नावं तरी बघा. नारायणगावकर, सातारकर, कोपरगावकर, हिवरगावकर. सगळ्यांनी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. गाव त्यांना कुसाबाहेर ठेवत होतं आणि ते गावाचं नाव महाराष्ट्रभर मिरवत होते.

आता माझी दुसरी कबुली. विशीत असताना एका यात्रेत मी मित्रांबरोबर मागे उभा होतो. आमच्यातल्या एकाने बोर्डावरच्या बाईला उद्देशून जे ओरडायला नको ते ओरडलं. ती गाता गाता क्षणभर थांबली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा गायला लागली. मी ओरडलो नव्हतो. पण हसलो होतो. ती बाई माझ्या आईच्या वयाची असेल. तीस वर्षं झाली, गाणं आठवत नाही, ती नजर आठवते.

तर आता मुद्द्यावर येतो. 'तमाशा कोण बघतंय' याचं उत्तर हवं असेल तर पाडव्यानंतर नारायणगावला जाऊन या. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, प्रत्येकीवर फडाचा बोर्ड, आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी द्यायला आलेले असतात. त्याला उगाच तमाशाची पंढरी म्हणत नाहीत. २०२० आणि २०२१ ला कोरोनाने दोन हंगाम सलग बुडाले, तेव्हा अनेक कलावंतांना मिळेल ते काम करावं लागलं. तरी राहुट्या पुन्हा लागल्या. म्हणजे कला मेलेली नाही, ती दम टाकत चालली आहे.

अडचणी खऱ्या आहेत, हेही मान्य. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा परिणाम. सणावारी वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. आता गण, गौळण झाली, दोन-चार गाणी झाली की वेळ संपली. वग बघितलेलाच नाही अशी एक पिढी आपल्याकडे तयार झालीय आणि तीच म्हणते तमाशात काही राहिलं नाही. अहो, राहिलेलं तुम्हाला दाखवायला वेळच कुठे दिला?

माझी यात्रेच्या पंचमंडळींना, आणि ज्येष्ठांना हात जोडून, चार गोष्टींची विनंती आहे.

एक, तमाशा ठेवा. ऑर्केस्ट्राही ठेवा, भांडण नाही. पण श्रीमंत अंबरनाथाच्या यात्रेत एक खेळ तमाशाचा असू द्या, आणि तो संध्याकाळी लवकर सुरू करा म्हणजे वग पुरा होईल.

दोन, ठरलेली सुपारी त्याच रात्री पूर्ण हातात द्या. "उरलेले नंतर बघू" हे वाक्य बंद. पुढच्या गावाला निघालेला ट्रक उरलेल्या पैशासाठी परत येत नाही.

तीन, फडातल्या बायकांसाठी आंघोळीची आणि संडासाची बंदिस्त सोय आणि कपडे बदलायला नीट जागा. लाखांचं बजेट असलेल्या यात्रेला हे जड नाही. आणि मागून ओरडणाऱ्याला उचलून बाहेर काढायला चार पोरं तयार ठेवा. मी स्वतः उभा राहीन. मला तेवढी फेड करायचीच आहे.

चार, आपल्या पंचक्रोशीत कुणी म्हातारे कलावंत असतील, तमाशातले, भजनी मंडळातले, पोतराज, वाघ्या-मुरळी, कुणीही, तर त्यांचा सरकारी मानधनाचा अर्ज भरून द्या. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ही योजना आहे आणि २०२४ पासून महिना ५००० रुपये आहेत. अनेकांचं अडतं ते कागदपत्रांवर. ज्याचं आयुष्य ट्रकमध्ये गेलं तो पुरावे कुठून आणणार? तरुण मंडळांनी हे एक काम मनावर घ्यावं. डीजेच्या वर्गणीपेक्षा यात कमी कष्ट आहेत.

सिनेमा येईल तेव्हा मीही बघणार. तिकीट काढून बघणार. आणि या वेळी आईला बरोबर नेणार. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. काल सहज विचारलं, येशील का विठाबाईंचा सिनेमा बघायला? थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सिनेमा कशाला, तमाशाच दाखव की एकदा. तुझे आण्णा एवढं काय बघायला जायचे, ते तरी कळू दे."

म्हणून म्हणतोय, या वर्षी तमाशा ठेवा. पुढे बायकांसाठी जागा राखा. एक खुर्ची आमच्या आईसाठी.

मीटिंगला या. पटलं नसेल तर तिथे भांडा, पण या.